कौल लावून निवडलेला कूलर

ऐक गं पूर्वा, फोनवर तेव्हा बोलवलं नाही म्हणून हे बोलून पाठवतेय. फोन कानाला लावून असं परक्यासारखं काय विचारतेस, "काकी, या वर्षीचा मसाला मिळेल का, आणि जरा गणपतीला काय काय लागतं ते सांगाल का?" लग्न होऊन वर्ष होत आलं, अजून आमच्या लालबागच्या खोलीचा उंबरा तू ओलांडला नाहीस. हॉलवर भेटलीस ती तेवढीच, आणि त्या दिवशी तुझा चेहरा कुठला नि मुंडावळ्या कुठल्या ते मला धड दिसलंही नाही. मसाल्याला मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्याला "हं, सांगते" म्हणून फोन ठेवला, आणि कढईतले धणे करपले. माझे धणे करपत नाहीत. या चाळीत कुणालाही विचार.

तुझी चूक नाही. तुला वाटलं, ठाण्याच्या नव्या घरात समीर गणपती आणतोय, हौसेचं काम आहे, मोठ्या माणसाला विचारून घ्यावं. तुमच्या दादरला तसंच असेल, ज्याचा त्याचा फ्लॅट आणि ज्याचा त्याचा गणपती. आमच्यात नसतं तसं. आमच्यात चूल वेगळी होते, रेशनकार्ड वेगळं होतं, भाऊ भावाला कोर्टात खेचतो, पण चतुर्थीला गावच्या घरी सगळे एकाच पाटासमोर बसतात. गणपती वेगळा केला की संपलं. मग एकमेकांकडे जायचं ते मयतालाच. तुझ्या नवऱ्याला हे पक्कं माहीत आहे. तुला त्याने सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते. मसाला डंकावरून कुटून आलाय, वर्तमानपत्रावर पसरून ठेवलाय. तो निवेपर्यंत मला तरी दुसरं काय काम आहे.

चैत्र सरत आला की आमच्या इथली हवा लाल होते. कवितेतलं लाल नाही, खरं लाल. गल्लीत डंक सुरू झाले की भिंतीवर, विजेच्या तारेवर, झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवरसुद्धा मिरचीची भुकटी बसते. गच्चीवर साड्यांचे तुकडे अंथरून बेडगी वाळत घातलेली, बाजूला संकेश्वरी, आणि कडेला कुणीतरी म्हातारी छत्री उघडून राखण करत बसलेली. पूर्वी ती म्हातारी माझी सासू होती, आता मी आहे. नवीन टॉवरमधली माणसं खाली उतरताना नाकाला रुमाल लावतात. आम्ही शिंकतो आणि पुढचं बोलतो. लोकांचा उन्हाळा आंब्याच्या वासाने सुरू होतो, माझा ठसक्याने.

या वर्षी मसाल्याची मोठी पातेली काढायला नितीन पोटमाळ्यावर चढला. पातेल्यांच्या मागे जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं होतं. मी खालून म्हटलं, "ते राहू दे." त्याने ऐकलं नाही, खाली आणलं आणि सोडलं. आतून तो निघाला, जुना कूलर. तुझ्या घरातल्यासारखा पाण्याचा नव्हे, गाडीचा. पाटाएवढी अॅल्युमिनियमची लादी, दोन्ही अंगांना नळीची तोंडं, आणि मधे पातळ पातळ पत्र्यांच्या घड्या, एकीला एक लागून, शेकडो. नितीनने तो उलटा करून हातावर आपटला तर त्या घड्यांतून चिमूटभर लाल पूड सांडली. त्या वर्षीचा मसाला. आम्ही दोघंही त्या पुडीकडे बघत राहिलो. मग तो जुना टूथब्रश घेऊन एकेक घडी साफ करत बसला. मी म्हटलं, "भंगारात घाल की." तर म्हणाला, "अर्धा त्याचा आहे."

आता तुला कळेल अशा बेताने सांगते. समीर माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. तो चौथीत असताना त्याची आई गेली, पुढे दीरही गेले. नितीन माझा. दोघे एकाच बिछान्यावर झोपले, एकाच सायकलवर शिकले, एकाला गोवर आला की दुसऱ्यालाही आणायचे. काकी आणि आई एवढाच काय तो हाकेत फरक. मोठे झाले, नितीन शिवडीला जहाजांचा माल सोडवणाऱ्या एका कचेरीत लागला आणि समीर लोअर परळच्या काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर. आणि एका वर्षी, ऐन मसाल्याच्या दिवसांत, दोघांनी मिळून गाडी घेतली. गिरगावातल्या एका डॉक्टरांचा मुलगा परदेशी चालला होता, त्याची. निळी, जपानी, दोन दारांची, जमिनीला पोट लावून चालणारी. बॉनेटवर मधोमध एक रुंद नाकपुडी.

आमच्या ह्यांना सगळी चाळ तात्या म्हणते. तात्या खाली उतरले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "गाडीक नाक कित्याक?"

"श्वास घेते ती, काका," समीर म्हणाला.

"मगे आमचो टॅम्पो काय गुदमरान चलता?"

त्या गाडीला टर्बो होता. टर्बो म्हणजे हवा दाबून दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते, मग इंजिनाचा जोर कमी पडतो. म्हणून मधे हा कूलर. गरम हवा याच्या पोटातून जाते, बाहेरून वारा लागतो, आतली हवा निवते आणि मग पुढे इंजिनात. समीर मला कागदावर चित्र काढून सांगायला लागला होता. मी म्हटलं, राहू दे रे, डंकावरचा मसाला गरम असतो, तसाच बरणीत भरला तर आत घाम धरतो आणि पावसाळ्यात बुरशी येते. आधी पसरायचा, निवू द्यायचा, मग हिंगाचे खडे घालून भरायचा. हेच ना?

समीर नितीनकडे बघून म्हणाला, "बघ, काकी पहिल्या फटक्यात पास. तुला दोन व्हिडिओ लागले."

"दीड," नितीन म्हणाला. "दुसऱ्यात अर्धी जाहिरात होती."

असं हसत हसत सुरू झालं होतं गं ते सगळं. म्हणूनच जास्त जळतं.

गाडीबरोबर आलेला कूलर लहान होता, बरोबर त्या नाकपुडीखाली, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला. त्याला जोर कमी पडतो, बाहेरून मोठा घेऊन बसवायचा, इथपर्यंत दोघांचं एकमत. पुढे मात्र दोन वाटा होत्या. एक, आहे त्याच जागी बसेल असा जरा जाड आणि मोठा घ्यायचा. दुसरी, सरळ गाडीच्या तोंडाशी, बंपरच्या आत आडवा बसेल असा भलाथोरला घ्यायचा. नितीनला वरचा हवा होता, समीरला पुढचा. त्या उन्हाळ्यात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. मी मिरच्यांची देठं खुडत बसायची आणि हे दोघे माझ्या डोक्यावरून.

"तू मे महिन्यात सिग्नलला उभा राहा ना एकदा," समीर म्हणायचा. "इंजिनाच्या डोक्यावर बसलाय तो. तव्यावर बर्फ ठेवल्यासारखं आहे. सिग्नल सुटेपर्यंत तोच तापतो, हवा काय डोंबल गार करणार."

"आणि तुझा पुढचा? रेडिएटरच्या तोंडावर उशी दाबल्यासारखा. हवा गार, इंजिन गरम. मस्त."

"गाडी पळत असली की वारा दोघांना पुरतो रे."

"पळते कुठे इथे? परळच्या पुलावर?"

"तुला ना, गाडी नकोच आहे. तुला शेअर टॅक्सी पाहिजे."

"आणि तुला विमान. खड्ड्यात पहिला तुझा कूलरच आपटेल, बघ तू."

दोघांचंही खरं होतं. एकाचं खोटं असतं तर मी त्याला गप्प केलं असतं, लहानपणी करायची तसं. पण वरचा उभ्या गाडीत तापतो हे खरं, आणि पुढचा रेडिएटरचा वारा अडवतो हेही खरं. वरच्याला नळ्या आखूड लागतात म्हणून पाय दाबला की गाडी लगेच उसळते, पुढच्याला लांब लागतात म्हणून जरा थबकते, पण एकदा सुटली की मागे बघत नाही. देठं खुडता खुडता मला सगळं पाठ झालं होतं. आणखी एक दिसत होतं, जे त्या दोघांना दिसत नव्हतं. दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गाड्या होत्या. समीरला दक्षिणेत कुठेतरी शर्यतीचा रस्ता आहे तिथे जाऊन एक दिवस, एकदाच, ती गाडी जीव तोडून पळवायची होती. त्याच्या काचेच्या इमारतीतले लोक जातात म्हणे. नितीनला चतुर्थीला मला आणि तात्यांना मागे बसवून त्या गाडीतून गावच्या घाटीत शिरायचं होतं, एसटीच्या थांब्यावरच्या सगळ्यांच्या देखत. एकाला लांब जायचं होतं, एकाला घरी. मी जेवताना म्हटलंसुद्धा, "आधी गाडी कशासाठी घेतलीत ते ठरवा, मग कूलरचं बघा."

समीर म्हणाला, "काकी, चालवायला."

नितीन हसला. विषय तिथे संपला.

वैशाखात ऊन चढलं तसं बोलणंही चढलं. कूलरवरून सुरू व्हायचं आणि कुठेही जायचं. कुणी कॉलेज सोडलं, कुणाच्या आजारपणात कोण जागलं, कोण कुणाच्या घरात राहतो. हे शेवटचं नितीन एकदा बोलून गेला. "घर माझ्या बापाचं आहे" असं नव्हता म्हणाला, त्याच्या आसपासचं काहीतरी म्हणाला. समीर ताटावरून उठला नाही. भात संपवला, ताट घासलं, पालथं घातलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून एक गॅलरीच्या या टोकाला बसायचा, एक त्या टोकाला, आणि मधे शेजाऱ्यांच्या कुंड्या.

तात्या एके दिवशी पेपर खाली ठेवून म्हणाले, "मे म्हयन्यात गावाक जातंवच. देवाक कौल लावूया. देव सांगात तो कूलर."

समीर म्हणाला, "काका, देवाला टर्बो माहीत आहे का?"

"तुका न्युमोनिया झालेलो तो म्हायत होतो. बावडी खंय खणूची ती म्हायत होती. टर्बो काय मोठो लागान गेलो?"

तुला हसू येईल. तुमच्यात नसतं ना असं. आमच्याकडे लग्न जुळवायचं, दुखणं हटत नाही, जमिनीची हद्द ठरत नाही, की जायचं देवळात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. मी त्याला नावं ठेवत नाही. माझं लग्नही उजव्या पाकळीवर ठरलंय. पण विहिरीसाठी विचारणं वेगळं. आणि खरं सांगू, त्या दोघांनी हो म्हटलं ते काही भक्तीने नव्हे. दोघांनाही खात्री होती की आपलं खरं आहे, म्हणजे देव आपल्याच बाजूने बोलणार.

आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात भर दुपारीही गारवा असतो. जांभ्याची जमीन, ओल्या फुलांचा आणि तेलाचा वास, वटवाघळांची कुजबुज. अंगावरचा घाम आत शिरताच थंड होतो. गुरवाने विचारलं, "गाऱ्हाणा कित्याचा घालू?"

तात्या म्हणाले, "गाडयेच्या कूलराचा. उजवो पडलो तर मोठो, फुडे बसवचो. डावो पडलो तर वयलो."

गुरवाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पाकळी पाण्यात नीट भिजवत त्याने विचारलं, "कंपनी खंयची?"

मग त्याने हात जोडून सूर लावला. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां मुंबयसून इली हत. गाडयेक कूलर बसवचो म्हणतत. त्येंच्या मनात जो काय घोळ आसात तो दूर कर, आणि बरो तो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. समीरही म्हणाला, नितीनही.

बराच वेळ काही पडेना. तात्यांनी डोळे मिटले होते. नितीन डाव्या पाकळीकडे बघत होता, समीर उजवीकडे, आणि मी त्या दोघांकडे. उजवी पडली. आवाज होत नाही तिचा, पण तो मला ऐकू आला असं अजून वाटतं. समीरने उडी नाही मारली. त्याने फक्त मानेवरचा घाम पुसला. नितीनने वाकून नमस्कार केला, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून फणस फोडला, हाताला तेल लावून, चिकाची चेष्टा करत. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

तिथेच खरं अडकलो होतो आम्ही. तो काळा पाषाण माझ्या डोळ्यांपुढे येतो आणि मला देवाची कीव येते. आम्ही त्याच्यापुढे दोनच दारं मांडली, वरचा की पुढचा. गुरव बिचारा म्हणाला होता की मनातला घोळ दूर कर, पण मनात काय आहे ते कुणी त्याला सांगितलंच नाही. ही दोन पोरं एका गाडीत मावतील का, असं विचारायला तोंड कुणाला होतं.

शिवडीला गोदामांच्या रांगेत नितीनच्या ओळखीच्याचा गाळा होता, तिथे गाडी असायची. मोठा कूलर आला, ते दोघे रविवारी तिथे भिडले, आणि दुपारी मी डबा घेऊन गेले. ऊन असं की पत्र्याचं छप्पर तडतडत होतं. मागे खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उभे, गुलाबी, एका पायावर, कुणाचं काही देणंघेणं नसल्यासारखे. गाडीचा पुढचा बंपर काढून ठेवलेला. तोंड उघडं पडलेलं, दात काढल्यासारखं. नवा कूलर आत बसायला अडत होता, म्हणून बंपरच्या आतली लोखंडी पट्टी कापायची होती. अपघात झाला तर मार खाणारी पट्टी ती. समीरच्या हातात कापायचं यंत्र, नितीनने पट्टी दोन्ही हातांनी धरलेली.

"नीट धर."

"धरलीय."

"हलतेय रे."

"मी नाही हलत. तू हलतोयस."

ठिणग्या उडाल्या, कापलेल्या लोखंडाचा वास सोलकढीत गेला.  नितीनला मनापासून वाटत होतं की हे चुकतंय, आणि तो ते चुकणारं काम दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता. देवाने सांगितल्यावर माणूस काय करणार. जुना कूलर काढून त्यांनी बाजूला ठेवला, आणि मी तो मसाल्याच्या रिकाम्या पिशवीत घालून घरी आणला. तरीच त्यात पूड गेली.

बॉनेटवरची नाकपुडी आता बिनकामाची झाली होती. मी विचारलं, "मग हे नाक कशाला ठेवलंत?"

"शोभेला, काकी," समीर म्हणाला.

समीर त्याच्या शर्यतीच्या रस्त्यावर जाऊन आला. सहकुटुंब फोटो दाखवावेत तसे त्याने आम्हाला आकडे दाखवले, हवा किती निवली, किती वेळ निवलेली राहिली. खूष होता गं. इतका खूष मी त्याला त्याच्या आईच्या पश्चात पाहिला नव्हता. तिथे तोच कूलर बरोबर होता. मी हे नितीनसमोरही म्हणते, त्याला आवडत नाही तरी.

आणि मग चतुर्थी. तात्या घरातले मोठे, प्राणप्रतिष्ठा त्यांच्या हातची, दर वर्षी. आम्ही आदल्या संध्याकाळी निघालो. नितीनची हौस म्हणून त्या गाडीतून. मागच्या सीटवर मी आणि तात्या, गुडघे हनुवटीला, मांडीवर नारळ आणि दुर्वांची टोपली. कोकणचा रस्ता त्या दिवशी कसा असतो ते तुला टीव्हीवर तरी दिसलं असेल. सकाळ झाली तरी आम्ही अर्ध्यात. गाड्यांच्या शेपटीला गाड्या, वारा नाही, पुढे सरकणं नाही. इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्याकडे पहिल्यांदा नितीनने बघितलं. मग समीरने. मग दोघांनी एकमेकांकडे न बघता खिडक्या खाली केल्या.

"हीटर लाव," नितीन म्हणाला.

गाडीतला हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, असं असतं ते. समीरने लावला. भाद्रपदाच्या दमटाईत, अडकलेल्या गाडीत, आमच्या तोंडावर गरम वारा. तात्यांच्या कपाळावरचं गंध ओघळून नाकावर आलं. ते नारळ धरून बसले. काटा जरा उतरला, पुन्हा चढला. आणि मग बॉनेटच्या कडांतून वाफ आली, त्या शोभेच्या नाकपुडीतूनही आली. पहिल्यांदाच तिने श्वास घेतल्यासारखं दिसलं.

रस्त्याच्या कडेला आम्ही चौघे उभे. शेजारून एका टेम्पोतला बाप्पा, तोंडावर रुमाल, आमच्याहून पुढे गेला.

नितीन एवढंच म्हणाला, "मी बोललो होतो."

"कधी? देवळात तर हात जोडून गप्प उभा होतास."

"देवासमोर काय बोलणार?"

"मग आता मला काय बोलतोस? पाकळी मी नव्हती पाडली."

बघ, इथे. याच वाक्यावर माझं घर मोडलं. एरवी समीर म्हणाला असता, चुकलं यार, तुझं ऐकायला पाहिजे होतं. लहानपणापासून म्हणत आलाय, पटकन चिडतो तसा पटकन म्हणतो, तुलाही अनुभव असेल. आणि नितीन म्हणाला असता, जाऊ दे, धक्का मार. पण चूक समीरची राहिलीच नव्हती, ती देवाकडे गेली होती. जी आपली नाही तिच्याबद्दल माफी कोण मागणार, आणि नितीनने तरी माफ कुणाला करायचं? त्यात तात्या मैलाच्या दगडावर बसून, नारळ मांडीवर घेऊन म्हणाले, "देवान दिलेलो कौल खोटो कसो होतलो? तुमचाच बसवताना कायतरी चुकला."

"कापलं ह्याने," नितीन म्हणाला.

"धरलं कुणी होतं?" समीर म्हणाला.

गाडी तिथेच कडेला ठेवून आम्ही मिळेल त्या वाहनाने पुढे निघालो. आम्ही घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. भावकीतल्या एका चुलत पुतण्याने मुहूर्त टळू नये म्हणून पूजा उरकली होती. गणपती बसला होता, आमच्या हाताशिवाय. तात्यांनी दारातूनच हात जोडले आणि नारळ दुसऱ्याच्या हातात दिला. मी स्वयंपाकघरात गेले. उकडीला पाणी ठेवलं, दुसरं काय करणार.

नंतर गाडी टोचन करून मुंबईला आणली. एक मेकॅनिक म्हणाला, पुढच्या कूलरने वारा अडवला. दुसरा म्हणाला, छे, पाण्याचा पंपच जुना होता, वरचा असता तरी हेच झालं असतं. म्हणजे नक्की कशाने ते आजही कुणाला माहीत नाही. गाडी शिवडीच्या गाळ्यात ताडपत्रीखाली आहे. ना हा विकतो, ना तो. रोहित येतात, जातात. समीर त्याच पावसाळ्यात ठाण्याला गेला. तुमच्या लग्नात नितीन पाहुण्यांच्या रांगेत उभा राहून गुच्छ देऊन आला, फोटोवाला म्हणाला इकडे बघा, तर इकडे बघितलं. ज्याच्याबरोबर गोवर वाटून घेतला त्याच्या लग्नात रांगेतून जायचं. मला त्या दिवशी श्रीखंड गोड लागलं नाही.

मी तात्यांना कधीकधी खिडकीशी गाठते. म्हणते, "कौल खरा असेल हो. पण प्रश्न?" ते पेपर तोंडासमोर धरतात. पेपर कालचा असतो.

तुझा फोन आला तेव्हा नितीन घरात होता. मी त्याला म्हटलं, "समीर घरी गणपती आणतोय." तो म्हणाला, "आणू दे." आणि मिरच्या उलटायला गच्चीवर गेला. मिरच्या सकाळीच उलटून झाल्या होत्या. खाली आला तेव्हा डोळे लाल. "पूड गेली," म्हणाला. मी पाणी दिलं. मग त्याने तो टूथब्रश घेतला आणि कूलर घासायला बसला. तीन घड्या वाकल्या होत्या, त्या सुईने सरळ केल्या.

मला समीरचा राग आहे, सांगून ठेवते. त्याने तुझ्या तोंडून मला कळवलं, स्वतः नाही. नितीनचाही आहे, आमच्या ह्यांचाही आहे. रागाने माझं काही निवत नाही, हेही माहीत आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईने खोटं कशाला बोलावं.

तर गणपतीला काय काय लागतं. सांगते, पण फोनवर नाही. आणि मसाला मी कुरिअरने पाठवत नाही, कुणालाच पाठवत नाही, वाटेत बरणीचं झाकण सैल होतं. मूर्ती ठरवायची म्हणून गणपतीच्या कारखान्यात पाट देऊन झाला असेल तर मला सांगू नकोस. झाला नसेल तर आठवडाभर देऊ नकोस, एवढं माझं ऐक. येताना तुमच्याकडे स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा असेल तर घेऊन ये, नसेल तर माझ्याकडे आहेत. तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं टोक, गॅलरीत कुंड्या आहेत, त्या ओलांडून ये. ठसका लागेल, लागू दे. दुपारी ये, तेव्हा नितीनही असतो. समीरला आणशील तर आण, नाहीतर एकटी ये. जाऊ की नको असं मात्र कुणाला विचारत बसू नकोस. त्यालाही नको, आणि देवाला तर मुळीच नको. चप्पल घाल आणि ये.